पडद्यावरचे नॅनो म्हणजे कार्टून नव्हे

‘पालकांनो, जागे व्हा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या नागपुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. तो वाचून वहिनीने बारावीतल्या पुतण्याचे नॅनोकेमिस्ट्रीचे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या रसायनशास्त्राचे, व्हिडिओ बंद केले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे असे : नॅनोकण दिसतच नाहीत, तेव्हा स्मार्ट बोर्डावर दाखवतात ते कार्टून, कोट्यवधींच्या सूक्ष्मदर्शकाशिवाय हा विषय शिकवता येत नाही, परीक्षेत तो विचारत नाहीत, आणि पडद्यामुळे डोळे बिघडतात.

पहिला मुद्दा निव्वळ हास्यास्पद आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच सुमारे 400 ते 700 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) असल्यामुळे चार-पाच नॅनोमीटरचा कण साध्या सूक्ष्मदर्शकातून संशोधकालाही दिसत नाही. ज्या स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकासाठी बिनिग आणि रोरर यांना 1986 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, त्याला डोळा लावायची सोयच नाही. त्याचे अतितीक्ष्ण टोक पृष्ठभागावरून फिरते, दोहोंतले अंतर 0.1 नॅनोमीटरने बदलले तरी विद्युतप्रवाह सुमारे दहापट बदलतो आणि त्या आकड्यांवरून संगणक चित्र रचतो. 1989 साली आयबीएमच्या संशोधकांनी झेनॉनच्या 35 अणूंनी कंपनीचे नाव लिहिले, तेही त्यांनी स्वतः पडद्यावरच वाचले. मग त्यांनाही कार्टून पाहणारे म्हणायचे का?

एवढे मात्र नाइलाजाने मान्य करतो की, त्या चित्रांतले रंग भरलेले असतात; आणि रक्तातून पाणबुडीसारखे सुळकन जाणारे यंत्रमानव दाखवणारे व्हिडिओ खरोखरच दिशाभूल करतात, कारण एवढ्या लहान वस्तूला भोवतालचे रेणू सतत धक्के देत असतात. शिक्षकांनी हे वर्गात स्पष्ट सांगायलाच हवे.

सूक्ष्मदर्शकाचे म्हणाल, तर एक सेंटिमीटरच्या घनाचे एक नॅनोमीटरचे तुकडे केल्यास एकूण पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटरवरून 6000 चौरस मीटरवर, म्हणजे जवळपास दीड एकरावर जाते. पडद्यावर स्लायडर सरकवत तुकडे बारीक करत गेले, की आकडा कसा फुगत जातो ते मुलांना दिसते, आणि पृष्ठभागावरच काम करणारे नॅनोकणांचे उत्प्रेरक (रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवणारे पदार्थ) इतके प्रभावी का, हे तिथेच उलगडते. कोट्यवधींचे यंत्रही हा हिशेब दाखवत नाही.

परीक्षेबद्दल लिहिणाऱ्याने महाराष्ट्र मंडळाचे बारावीचे केमिस्ट्रीचे पुस्तक उघडलेलेही दिसत नाही. त्यात ‘ग्रीन केमिस्ट्री अँड नॅनोकेमिस्ट्री’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. डोळ्यांची काळजी रास्त आहे, पण ती आधी रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या रील्सबाबत करावी.