रस्ता रुंद झाला, पलीकडे जायचं कसं?

नाशिकला फोन केला की हल्ली पहिली पाच-दहा मिनिटं रस्त्यांवरच जातात. २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय. कुठे काँक्रिटीकरण चाललंय, कुठे खोदून ठेवलंय, शहराबाहेरून साठ-पासष्ट किलोमीटरच्या वळणरस्त्याची जमवाजमव सुरू आहे. २०२५ च्या शेवटी साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली सतराशेहून अधिक झाडं हटवायची नोटीस निघाली आणि लोक आंदोलनाला उतरले. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, शहर वाढतंय, रस्ते रुंद झालेच पाहिजेत. दुसऱ्याचं, होतं तेवढं नाशिक तरी शिल्लक ठेवा. मी मध्ये काही लिहिलं की धाकटा भाऊ उत्तर देतो, "ताई, तू तिकडे सायकलवर फिरतेस. संध्याकाळी सहाला द्वारकेला उभी राहून दाखव, मग बोलू."

मुंबई-आग्रा आणि पुणे रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, ती द्वारका. तिथे रोज दोनदा अडकणाऱ्या माणसाला रुंद रस्ता हवासा वाटणारच. माझा रुंदीकरणाला विरोध नाही. मला सलतं ते एवढंच की या सगळ्या भांडणात रस्ता किती मीटरचा यावर तासन्‌तास बोललं जातं, आणि तो पायी ओलांडायचा कसा यावर एक वाक्यही येत नाही.

मी नेदरलँड्समधल्या युट्रेक्टला राहते, ॲमस्टरडॅमपासून रेल्वेने अर्ध्या तासावर. पण माझं नाशिक सुरू होतं सिडकोत, म्हणजे सिडको या सरकारी महामंडळाने वसवलेल्या वस्तीत. वडील अंबडच्या एमआयडीसीत कामाला होते. त्यांच्या पिढीला आधी सातपूरने आणि मग अंबडने नोकरी दिली, आणि सिडकोने पगारात बसेल असं घर दिलं. जळगाव, धुळे, नगरकडून आलेली कितीतरी कुटुंबं त्या लहान लहान घरांतून मोठी झाली. म्हणून 'जुनं नाशिक किती छान होतं' हा सूर ऐकला की मी सावध होते. जुन्या नाशकात आम्हाला जागाच नव्हती. आणि त्या गल्ल्याही सगळ्यांसाठी सारख्या कुठे होत्या? २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो याच शहरात. त्या वेळी रामाच्या रथाच्या वादातून पंचवटीच्या रस्त्यांवर दगड पडले. कोणी कोणत्या वाटेने जायचं हे जातीवर ठरत होतं. सिडकोच्या रस्त्यांना रूप नव्हतं, सावली नव्हती, पण तिथे कुणी आम्हाला अडवलं नाही. नवीन वस्त्यांचं हे देणं मी विसरू शकत नाही.

शहर वाढलंही झपाट्याने. नाशिक, नाशिकरोड आणि देवळाली एकत्र येऊन १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. त्याआधी नाशिकरोड म्हणजे वेगळंच गाव, नोटांच्या प्रेसचं आणि रेल्वेचं. स्टेशन गावापासून इतकं लांब की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्टेशन ते जुनं नाशिक घोड्यांची ट्राम धावत होती. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. तिच्याबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विश्वास बसला नाही. ज्या शहरात आज सार्वजनिक वाहनाची वाट पाहत लोक कंटाळून दुचाकी घेतात, त्या शहराने सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी पहिला विचार केला तो माणसांना एकत्र वाहून नेण्याचा. २००१ च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेअकरा लाख होती, २०११ मध्ये जवळपास पंधरा लाख. या वाढीला बसगाड्यांनी पेलायला हवं होतं. शहर बससेवा कित्येक वर्षं एसटीने ओढली. महापालिकेची स्वतःची बससेवा, सिटीलिंक, आली जुलै २०२१ मध्ये. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात मेट्रो निओसाठी, म्हणजे रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोसाठी, २,०९२ कोटी जाहीर झाले, तिचा एक खांबही उभा राहिला नाही. मधल्या काळात घरटी एक दुचाकी होती तिथे दोन झाल्या, मग चारचाकी आली, आणि प्रत्येक कॉलनीतला नऊ मीटरचा रस्ता अर्धा पार्किंगने भरला.

आता बोगद्याबद्दल. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते: मुंबई-आग्रा महामार्गाच्या एका बाजूला इंदिरानगर, दुसऱ्या बाजूला गोविंदनगर, आणि मधून जायला महामार्गाखालचा अरुंद रस्ता. त्याला सगळे इंदिरानगरचा बोगदाच म्हणतात. वडील निवृत्त झाल्यावर आई-बाबा इंदिरानगरला आले. आईची बहीण, म्हणजे माझी मावशी, गोविंदनगरला. घरातून घरात सरळ रेषेत चालत दहा मिनिटांचं अंतर. महामार्गाचं रुंदीकरण आणि उड्डाणपूल होण्याआधी दोघी संध्याकाळी एकमेकींकडे पायी जात. रस्ता तेव्हाही धोक्याचा होता, ट्रक होते, पण थांबून, बघून ओलांडता येत होता. उड्डाणपूल झाला आणि मुंबईहून धुळ्याला जाणाऱ्याचा वेळ वाचला, हे खरंच आहे. पण खालच्या सर्व्हिस रोडवर आणि बोगद्याच्या तोंडाशी चारही बाजूंनी गाड्या एकमेकींत घुसतात, आणि त्यात आईसारख्या बाईने पाऊल टाकायचं तरी कुठे? फुटपाथ बोगद्यापाशी येऊन विरतो. गुडघे दुखायला लागल्यापासून आई पायी जात नाही. रिक्षावाल्याला एवढं जवळचं भाडं नको असतं. त्यामुळे दोघी बहिणी आता व्हिडिओ कॉलवर बोलतात, म्हणजे मी जशी आईशी बोलते तशाच. मी साता समुद्रापार आहे, मावशी रस्त्यापलीकडे आहे, आणि आईच्या दृष्टीने दोघींचं अंतर सारखंच झालंय. मला याचा राग येतो आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही.

अशा वेळी भाऊ म्हणतो, युरोपचं सांगू नकोस, तिकडे माणसं कमी, पैसा जास्त. पण हा देश जन्मापासून सायकलवाला नव्हता. १९७१ मध्ये सव्वा-दीड कोटींच्या या देशात रस्ते अपघातांत तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. आयाबाप पोरांना घेऊन रस्त्यावर बसले. 'मुलांचे बळी थांबवा' ही त्यांची सरळ मागणी होती. युट्रेक्टमध्येच, मी रोज जिथून जाते तिथे, जुन्या गावाभोवतीच्या कालव्याचा एक भाग १९७० च्या सुमारास आटवून त्यात मोटाररस्ता केला होता. त्या काळी तोच विकास होता आणि तोही तज्ज्ञांनीच सुचवला होता. २००२ मध्ये शहराने मतदान घेतलं आणि लोकांनी कालवा परत मागितला. सप्टेंबर २०२० मध्ये तिथे पुन्हा पाणी आलं. अर्ध्या शतकाची चूक आणि ती निस्तरायला अठरा वर्षं. पैसा लागलाच, पण पैशाच्या आधी लोकांना विचारलं गेलं.

इथलं सगळं गोड आहे असंही नाही. युट्रेक्टमध्ये गृहसंस्थांच्या परवडणाऱ्या भाड्याच्या घरासाठी दहा-दहा वर्षं रांगेत राहावं लागतं. तिशीतली मुलं एकेका खोलीत दिवस काढतात. माझ्या वडिलांना कारखान्याच्या पगारात सिडकोत जे मिळालं ते इथल्या तरुण कामगाराला आज मिळत नाही. सुंदर कालव्याकाठी राहणं ज्याला परवडतं त्याच्यासाठीच ते सुंदर आहे. म्हणून युट्रेक्ट उचलून नाशकात ठेवा असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे तर अशी एक गोष्ट आहे जी युट्रेक्टकडे नाहीच. दर बारा वर्षांनी एकेका पर्वणीला लाखो माणसं रामकुंडाकडे येतात. २७ ऑगस्ट २००३ ला काळाराम मंदिराजवळ सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ जण दगावले. ज्या शहराने हे पाहिलंय त्याने घाटाकडे जाणाऱ्या वाटा मोकळ्या करणं हे कर्तव्यच आहे. तिथे झाडाचा किंवा जुन्या भिंतीचा मुद्दा काढणाऱ्यांनीही ते ३९ जण लक्षात ठेवावेत.

मात्र सिंहस्थाच्या नावाखाली जे केलं जातं ते पुढची बारा वर्षं नाशिककरांना वापरायचं असतं, आणि त्याची आखणी असते काही दिवसांच्या गर्दीसाठी. घाई असते, निधी आलेला असतो, तारीख हलत नाही. याच घाईत २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास गोदाघाटावरच्या कुंडांच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं. खालचे झरे बुजले म्हणून नाशिककरांना न्यायालयात जावं लागलं, आणि पुढे काही भागातलं काँक्रीट काढण्यात आलं. जे आपण घातलं तेच आपण पैसे देऊन काढलं. सरस्वती नाला तर वस्तीखालीच गेलाय, मोठा पाऊस झाला की तो सराफ बाजारात वर येतो. गंगापूर रोडचं रुंदीकरण झालं आणि जुनी झाडं रस्त्याच्या मधोमध राहिली. त्यांच्यावर आदळून माणसं गेली, मग झाडं तोडा आणि झाडं वाचवा असे पुन्हा दोन तट. पण झाडांपाशी वेग कमी करायचा, ते अंतर पदपथ आणि सायकलसाठी सोडायचं, अशी आखणी सुरुवातीलाच का झाली नाही? झाडं तिथे रस्त्याच्या आधीपासून होती.

त्र्यंबक नाका ते अशोकस्तंभ हा स्मार्ट रोड मात्र मी अजूनही आशेने पाहते. सव्वा किलोमीटरही नाही, काम वर्षानुवर्षं रखडलं, दुकानदार आणि वकील मंडळी वैतागली, आणि तो वैताग रास्त होता. तरीही सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय अशा भर वर्दळीच्या पट्ट्यात चालायला रुंद पदपथ मिळाला, हे नाशकात पहिल्यांदाच घडलं. त्यावर गाड्या चढतात म्हणून पदपथच नको, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडते. गाड्या उतरवा. लग्नाला आलेले पाहुणे अंगणात गाडी लावतात म्हणून कोणी अंगण पाडत नाही.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं नाशिकला नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. सिंहस्थाचे मोठे निर्णय याच काळात सुरू झाले. गल्लीतल्या माणसाने कोणाच्या दारात जाऊन विचारायचं हेच कळत नव्हतं. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि आता दार ठोठावायला माणूस आहे. परदेशात राहणाऱ्यांनी यात पडू नये असं म्हणतात. माझे आई-वडील तिथे राहतात आणि त्यांच्या घराची घरपट्टी मी भरते, तेव्हा मी पडणार.

बोगदा रुंद करायची योजना आता पुढे आली आहे. भाऊ खूश आहे, आणि त्याच्या गाडीला वाट मिळणार असेल तर मलाही आनंदच आहे. वॉर्डातल्या बैठकीत मांडण्यासाठी मी त्याला मुद्दे लिहून पाठवलेत: रुंद केलेल्या बोगद्यात गाड्यांपासून उंचावर, कठडा असलेली पायवाट. दोन्ही तोंडांशी पायी जाणाऱ्यांसाठी सिग्नल, आणि त्याची वेळ सत्तरीतल्या माणसाच्या चालीवरून ठरवलेली. वाटेत बसायला एक बाक. पायवाट नकाशात नसेल तर नकाशा मंजूर करू नये. त्याने विचारलं, बाक कशाला. मी म्हटलं, आईला विचार.