मेणाचा थेंब आणि कार्यानुभवाचा तास

माझ्या मुलीला बाटिकमध्ये, म्हणजे मेणानं नक्षी झाकून कापड रंगवण्याच्या कलेत, दहापैकी सहा मार्क मिळाले. तिनं रुमालावर जास्वंद काढली होती, पाकळ्या चांगल्या टपोऱ्या आल्या होत्या. बाईंनी फूल बघितलंच नाही म्हणे. रुमाल उलटा केला आणि विचारलं, "हे काय?" मागच्या बाजूनं निम्म्या पाकळ्यांत निळा रंग शिरला होता. मेण कापडाच्या आरपार पोचलंच नव्हतं. लेक घरी येऊन रुसून बसली. मला मात्र त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले. माझ्या अख्ख्या शाळकरी आयुष्यात मी केलेली एकही गोष्ट कुणी उलटी करून बघितली नव्हती.

आम्ही राहतो पेकालोंगानला. इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे बाटिकचं शहर. मी सारोंग विणणाऱ्या एका कारखान्यात मागांची देखभाल बघतो. सारोंग म्हणजे आपली शिवलेली लुंगीच. मूळचा मी इचलकरंजीचा. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथं पहिला यंत्रमाग बसवला आणि मग गावानं मागे वळून पाहिलं नाही. आजोबा हातमागावर बसायचे, वडिलांनी चार यंत्रमाग खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं, चालवले, मी टेक्स्टाईल शिकलो. म्हणजे कापडाच्या गावातून उठलो आणि कापडाच्याच गावात येऊन पडलो.

इथल्या शाळांत ‘मुआतान लोकाल’ नावाचा विषय असतो. ज्या त्या भागानं आपल्या मातीतलं जे शिकवायचं ते यात शिकवावं, अशी सोय. पेकालोंगाननं २००५-०६ पासून त्यात बाटिक घेतलं. २००६ साली डच काळातल्या एका इमारतीत बाटिक संग्रहालय उघडलं, तिथं शाळांच्या रांगा लागतात. (ज्या चौकात ते आहे त्याचं नाव जेतायू. हा आपला जटायूच.) युनेस्कोनं २ ऑक्टोबर २००९ ला इंडोनेशियाच्या बाटिकला वारशाच्या यादीत घेतलं हे पुष्कळांना माहीत असतं. त्याच वर्षी युनेस्कोनं आणखी एक नोंद केली, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पेकालोंगानच्या संग्रहालयानं शाळांना हाताशी धरून बाटिक शिकवण्याची जी घडी बसवली, ती वारसा जपण्याची चांगली पद्धत म्हणून वेगळ्या नोंदवहीत घेतली गेली. कापडाचा मान वेगळा आणि ते शिकवण्याचा मान वेगळा. मला दुसरा मोठा वाटतो.

२ ऑक्टोबर इथं राष्ट्रीय बाटिक दिन असतो, बँकेतल्या शिपायापासून मंत्र्यापर्यंत सगळे बाटिक घालतात. आपल्याकडे त्याच दिवशी खादी भांडारात सूट सुरू होते. असो.

तर तास कसा चालतो ते सांगतो. मुलं बुटक्या स्टुलांवर गोल करून बसतात. मधे छोटा स्टोव्ह, त्यावर तळहाताएवढी कढई, कढईत मेण, पॅराफिन आणि राळ यांचं मिश्रण. हातात चांतिंग. लाकडी दांडा, टोकाला तांब्याची इवलीशी वाटी आणि वाटीला चोच. चोचीतून मेण उतरतं आणि तीच रेघ. मेण फार तापलं तर रेघ फुटून पसरते, निवलं तर चोच तुंबते. मग चोचीवर फुंकर मारायची, परत बुडवायचं. कापड एका हातावर तोलून धरायचं. एक बाजू झाली की उलटं करून मागूनही त्याच रेघांवर मेण फिरवायचं, तिथं माझी लेक कंटाळली होती. मग रंगात बुडवणं, मग उकळत्या पाण्यात मेण उतरवणं. जिथं मेण होतं तिथं पांढरं राहतं. दुसरा रंग हवा तर सगळं पहिल्यापासून. एकदा पालकांनाही बसवलं होतं. बावीस वर्षं मागांत काढलेला मी, अर्ध्या तासात एक सरळ रेघ काढू शकलो नाही. दोन थेंब मांडीवर सांडले ते वेगळंच.

महिन्यातून एकदा बाटिक करणाऱ्या एक आजी शाळेत येतात. त्यांना मानधन मिळतं आणि त्या मुलांवर मनसोक्त ओरडतात. इथं शिक्षिकेला ‘बू’ म्हणतात, शब्दशः आई, आपण ‘बाई’ म्हणतो तशातलंच. आजींना मात्र शाळेतल्या बूदेखील बू म्हणतात. मुख्याध्यापिका उठून खुर्ची देतात. हे मी मुद्दाम लिहितोय, पुढं त्याचं काम आहे.

आमच्या आत्यानं १९८० च्या दशकात उन्हाळी क्लासला बाटिक शिकलं होतं. घरात अजून तिचा गणपती आहे, सगळीकडून तडे गेलेला. मेण चुरगाळून मुद्दाम तडे पाडायचे, तेच बाटिकचं सौंदर्य, असं आम्ही सगळे समजायचो. आजींना मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि हळूच विचारलं, "मेण जुनं होतं का?" जुन्या पठडीत तडा म्हणजे चूक. आत्याला अजून सांगितलेलं नाही.

पण हातापेक्षाही मला हेवा वाटला तो वहीचा. लेकीच्या वहीत ज्लाम्प्रांग नावाची नक्षी आहे, ठिपक्या-चौकटींची, चांदण्यांसारखी. ही पेकालोंगानची खास खूण. आणि वहीत सरळ लिहिलंय की ही गुजरातच्या पटोळ्यावरून, तिथल्या विणलेल्या रेशमी कापडावरून, आली. व्यापाऱ्यांनी पटोळं आणलं, ते दरबारात गेलं, ज्यांना परवडेना त्यांनी विणीतले चौकोन मेणाच्या ठिपक्यांनी काढले. पुढच्या पानावर बुकेतान, म्हणजे फुलांचा गुच्छ, तो डच बायकांच्या आवडीचा. त्याच्या पुढं होकोकाई, जपानी अंमलातलं, १९४२ ते ४५. तेव्हा कापडाचा तुटवडा होता, म्हणून एकाच कापडाच्या दोन टोकांना दोन वेगळ्या नक्ष्या काढत. सकाळी एक बाजू वर, संध्याकाळी दुसरी. नावच ‘पागी-सोरे’, सकाळ-संध्याकाळ. पाहुणा, सावकार, सत्ताधीश, सगळे एका कापडात. आमचं आहे म्हणताना ते दुसऱ्याकडून आलं हे सांगायला इथल्या बाईंना लाज वाटत नाही.

आता घरचं. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला घालून पोरं चालवली आणि आमचा घरचा ग्रुप पेटला. इचलकरंजीहून कोल्हापूर तासाभरावर, त्यामुळं अपमान थेट उंबऱ्यावर आलेला. ‘आमची चोरली’, ‘यांना कोर्टात खेचा’. राग खोटा नव्हता. त्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. सुरुवातीला कोल्हापूरचं नावही न घेणं हा उद्धटपणाच होता. मी फक्त एवढंच विचारलं की कापशी चप्पल कशाला म्हणतात? कातडं कमवायला बाभळीची साल आणि हिरडा का लागतो? ग्रुपवर शांतता. मग चुलतभाऊ म्हणाला, "तू तिकडं बसून शहाणपणा शिकवू नको." बरोबर होतं त्याचं. मलाही हे चाळिशीत, परदेशात बसून, वाचून कळलेलं.

इंडोनेशियालाही हा ताप येऊन गेला आहे. २००९ मध्ये बालीचा पेंडेट नाच मलेशियाबद्दलच्या एका जाहिरातीत दिसला आणि जकार्तात निदर्शनं झाली. बाटिक कुणाचं यावरून तर दोन्ही देश आधीपासूनच भांडत होते. त्याही वेळी घोषणा झाल्या, झेंडे जळले. फरक एवढाच की पेकालोंगानच्या वर्गात तोवर चार वर्षं स्टोव्ह पेटत होता.

आमच्या शाळेत कार्यानुभवाचा तास होता. कागदी फुलं केली, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर केलं, नववीपासून तो तास गणिताच्या सरांनी घेतला. खिडकीबाहेर दिवसभर मागांचा खडखडाट. कवितेच्या तासाला बाई तो थांबायची वाट बघायच्या, तो थांबायचा नाही. पण कधी एका सरांना वाटलं नाही की पोरांना रांगेनं पलीकडच्या शेडमध्ये न्यावं. वहिफणी करणारा माणूस हजारो धागे फणीतून कसे ओवतो ते दाखवावं. त्यालाच वर्गात बोलवावं ही कल्पना तर कुणाच्या स्वप्नातही आली नसती. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत, सुतार, कुंभार, कलावंत यांच्याकडे जाऊन शिकायचे. कागदावर सुंदर आहे. भाचीच्या शाळेत त्यातला एक दिवस ‘पारंपरिक वेशभूषा दिन’ म्हणून साजरा झाला. पोरींनी नऊवारी नेसून फोटो काढले. नऊवारी शिवलेली होती, चेन लावलेली.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर परदेशस्थांचं नेहमीचं रडगाणं झालं असतं. पण वडिलांना फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुला शाळेत घातलं ते माग सुटावा म्हणून. शाळेनंच तुला मागावर बसवलं असतं तर मी शाळा सोडवली असती." त्यांच्या शाळेत टकळी होती. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींची जी नयी तालीम, हातकामातून शिकवण्याची पद्धत, आली, तिचा उरलासुरला अवशेष. सूत काढायला पाटलाच्या पोराला गंमत वाटायची आणि कोष्ट्याच्या पोराला ते घरचंच काम. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी अर्धा वेळ शाळा आणि अर्धा वेळ घरचा धंदा अशी योजना आणली, तेव्हा लोकांनी तिला जातीचं शिक्षण म्हणून झोडपलं आणि वर्षभरात ती मागे घ्यावी लागली. योग्यच झालं. आपल्याकडे हातातल्या कामाला जात चिकटलेली आहे. चपलेच्या कामाला तर जास्तच. ज्या समाजानं पिढ्यान् पिढ्या कातडं कमवलं त्याच्या पोराला ‘परंपरा जप’ म्हणणं हा निर्लज्जपणा आहे. जावात राजवाड्यातल्या स्त्रियांनीही बाटिक केलं आणि खेड्यातल्या बायांनीही. त्यामुळं चांतिंग हातात घेताना इथल्या पोरीला आडनाव आठवत नाही.

वडिलांचं म्हणणं मला मान्य आहे आणि म्हणूनच माझं म्हणणं उलटं आहे. विणकराच्या पोराला गणित द्या. फणीत धागे ओवायला डॉक्टरच्या पोराला बसवा. आणि शिकवायला त्याच वहिफणीवाल्याला बोलवा, तासाचे पैसे देऊन, मुख्याध्यापकांनी उठून खुर्ची देऊन. सगळ्यांना सक्ती असेल तर जात बाजूला राहण्याची निदान शक्यता तरी आहे. फक्त काहींना दिलं तर राजाजींचीच योजना परत येते.

पेकालोंगानचं गुणगान करतोय असं वाटू नये म्हणून तेही सांगून टाकतो. लेकीच्या शाळेचा बाटिकचा गणवेश चक्क छापील आहे. मशीनवर छापलेला, मेणाचा थेंबही न लागलेला. स्वस्त पडतो. इथल्या नद्यांना रंगांच्या सांडपाण्यानं कुठला रंग येईल सांगता येत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या पुरात जेंगोट गावात घराघरात लालभडक पाणी शिरलं होतं, जगभर फोटो गेले. आजींच्या दोन्ही मुली दुकानात नोकरी करतात. हाताच्या बाटिकला लागणारे महिने आणि मिळणारे पैसे यांचा हिशोब त्यांनी लहानपणीच केला होता. वर्गातली चाळीस पोरं बाटिककार होणार आहेत का? एकही नाही होणार बहुतेक.

मग उपयोग काय, असं बायकोनंही विचारलं होतं. तिला उत्तर मिळालं ते मागच्या डिसेंबरात, थोरल्या भाचीच्या लग्नाच्या खरेदीला.

आम्ही दहा जण एका मोठ्या दुकानात गादीवर बसलो होतो. सेल्समननं एकापाठोपाठ एक पैठण्या उलगडल्या. "प्युअर हातमाग, ताई." आत्यानं काठ चाचपला, वहिनीनं खांद्यावर टाकून आरशात बघितलं, मी किंमत बघितली. लेक बाजूला केळीचे वेफर्स खात होती. तिनं हात फ्रॉकला पुसले, पदर धरला आणि उलटा केला. मोरांच्या मागं सुट्या धाग्यांचं जंगल. खऱ्या पैठणीत नक्षीचा प्रत्येक रंग स्वतःच्या कांडीवरून, ज्या त्या जागीच गुंफलेला असतो, त्यामुळं पदर दोन्हीकडून जवळपास सारखा दिसतो. हे तिला माहीत नव्हतं. पैठणी ती पहिल्यांदाच बघत होती. तिला फक्त उलटं करून बघायची सवय होती.

"बाबा, हे मागून असं का आहे?"

सेल्समननं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती पैठणी घडी घालून बाजूला ठेवली, आतल्या कपाटाकडे वळला आणि जाता जाता विचारलं, "साहेब, बजेट किती म्हणालात?"