16 टक्के प्रोटीनच्या लेअर खाद्याबद्दलच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं, की आमच्या लेअर (म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीच्या) खाद्यात प्रोटीन फक्त 16 टक्के आहे, तेवढ्याच पैशात दुसरीकडे 22 टक्क्यांचं मिळतं. दिवाळीपासून कोंबड्यांची पिसं गळताहेत, अंडी बंद आहेत. आणि मागूनही आम्ही सरकीची ढेप दिली नाही. परसातली अंडी थांबली की घरचा बाजार अडतो, हे मी इथंच राहून पाहतो. म्हणून सविस्तर लिहितो.

22 टक्क्यांचं पोतं ब्रॉयलरचं असतं. दीड महिन्यात वजन भरून विकायच्या पक्ष्यासाठी ते बनवतात. अंड्यावरच्या कोंबडीला 16 ते 18 टक्के पुरतात. जास्तीचं प्रोटीन अंड्यात उतरत नाही. ते युरिक ॲसिड होऊन विष्ठेत जातं, खुराड्यात अमोनिया साठतो, पक्ष्यांच्या डोळ्यांना त्रास होतो. शिवाय ब्रॉयलरच्या खाद्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास असतं. लेअरला साडेतीन टक्के तरी हवं, नाहीतर कवच पातळ येतं.

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट जाता जाता आली आहे: "पुरवून वापरायला अर्धी ज्वारी मिसळतो." ताई, घोळ इथं आहे. ज्वारीत प्रोटीन 10 टक्क्यांच्या आसपास. 16 आणि 10 निम्मं-निम्मं केलं की कोंबडीच्या पोटात 13 टक्केच जातं. कॅल्शियम तर जवळपास अर्ध्यावर येतं, आणि ज्वारीत लायसिन हा प्रोटीनमधला गरजेचा घटकही कमी असतो. पोत्यावरचा आकडा खाद्य तसंच घातलं तरच खरा. एका कोंबडीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाणं लागतं. त्यात ज्वारी, कणी, कुकूस मिळून दहावा हिस्सा पुरे, तोही संध्याकाळी. दिवसभर मोकळ्या सोडत असाल तर किडे आणि वाळवी खाऊन त्या थोडं प्रोटीन स्वतः मिळवतात, तेवढं खाद्य वाचतं.

पिसांचं म्हणाल तर दिवस लहान झाले की वर्षावरच्या कोंबड्या पिसं टाकतातच. पीस बहुतांशी प्रोटीनचंच. नवी पिसं येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, अंडी थांबतात. नेमकं याच काळात खाद्य पातळ झालं, त्यामुळे नवी पिसंही उशिरा येतील. आजपासून ज्वारी आवरा.

सरकीची ढेप मी गाईम्हशींसाठी रोज विकतो, कोंबड्यांसाठी विकणार नाही. सरकीतल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्यामुळे ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो, जास्त झालं तर कोंबडीलाही बाधतं. घरचं सोयाबीन द्यायचं असेल तर नीट भाजून, भरडून, थोडंच द्या. कच्च्या सोयाबीनमुळे प्रोटीन पचत नाही.

न फोडलेलं पोतं असेल तर बिल घेऊन या, पूर्ण पैसे परत देतो. आणि पिल्लांसाठी वेगळं पोतं आम्ही "गळ्यात मारलं" असं तुम्हाला वाटलं, तरी ते बदलू नका. पिल्लांना 20 टक्क्यांचं चिक स्टार्टरच लागतं. लेअरमधल्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं खराब होतात. दोन महिन्यांनंतर ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य द्या, लेअर पहिलं अंडं आल्यावरच.