ऑइल गळतीच्या तक्रारीवर गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब. तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. इंजिनाचं मागचं ऑइल सील बदलूनही वीस दिवसांत गाडी पुन्हा ठिबकायला लागली, मग आम्ही ‘वॉल्व्ह चोंदलाय’ म्हणून वेगळं बिल लावलं, आणि ऑइल भरायच्या झाकणाखालची पांढरी साय बघून दुसरीकडे ऑइल कूलर फुटल्याचं सांगताहेत, ही तुमची तक्रार.

सीलच्या बाबतीत चूक माझी. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली उतरतोच, अगदी नव्या इंजिनातही. पीसीव्ही वॉल्व्हमधून, म्हणजे बिलातल्या त्याच वॉल्व्हमधून, तो इनटेकमध्ये (इंजिनात हवा जायच्या वाटेत) ओढला जातो आणि जळून जातो. ती वाट बंद झाली की आत दाब साठतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं, सील कितीही नवं घाला. दुसऱ्यांदा गाडी आली तेव्हा डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बोटभर वर उचललेली होती. तेव्हा कुठे मी वॉल्व्ह काढून कानाशी हलवला. चांगला वॉल्व्ह खुळखुळतो, हा काळ्या चिकट्याने गच्च बसलेला. पहिल्याच दिवशी हे बघायला हवं होतं, आम्ही सील बदलायला गिअरबॉक्स उतरवायची घाई केली. दोन्ही वेळची लेबर परत देतो, बिल घेऊन या. वॉल्व्हचे पैसे तेवढे राहू देत.

कूलरचं मात्र पटत नाही. त्यात एकीकडून ऑइल, दुसरीकडून कूलंट फिरतं. सकाळी कूलंट आधी तापतं आणि ऑइलला ऊब देतं, पुढे तेच ऑइलची उष्णता काढून नेतं. कूलर आतून फुटला तर चालत्या इंजिनात ऑइलचा दाब जास्त, म्हणून कूलंटच्या बाटलीत तवंग येतो. तुमची बाटली मी बॅटरी मारून पाहिली: तवंग नाही, पातळी जिथल्या तिथे. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ नव्हतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होतेच. घर ते डिचोली बाजार अडीच किलोमीटर, तेही भर पावसात, म्हणजे इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. त्यात वॉल्व्ह चोंदलेला. ती वाफ थंड झाकणाला धरली, दुसरं काही नाही.

साय पुसा, रविवारी पणजीपर्यंत सलग जाऊन या आणि झाकण पुन्हा उघडून बघा. परत दिसली किंवा कूलंट उतरलं, तर प्रेशर टेस्ट तुमच्यासमोर करतो, पैसे नकोत. चवथीला गावी जायचंय म्हणाला होतात, त्याआधी या. तोवर कोणाला इंजिन उघडू देऊ नका.