विंचवाचं बिऱ्हाड, तुंगनाथच्या वाटेवर

इंदुरात एप्रिल चढला की एका ठराविक वयाच्या नवरे मंडळींना पहाड दिसायला लागतात. दिसतात ते फोनवर, रात्री अकरानंतर, सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन परतल्यावर. तुम्हालाही दिसले असतील तर संधी दवडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांवर शेव भुरभुरवताना जाहीर करून टाका, "ह्या वर्षी हॉटेल-बिटेल नाही. पाठीवर सॅक, आपण दोघंच, आणि पहाड." बायकोला विचारू नका. विचारलंत तर ती सुट्ट्या, मुलांची सोय, तुमचे गुडघे असले क्षुद्र विषय काढेल. जाहीर केलंत तर गप्प बसेल, आणि गप्प बसली म्हणजे खूश झाली, असं धरायची आपल्याकडे पद्धत आहेच.

हे सगळं मी ऐकीव सांगत नाही. त्या 'आपण दोघंच'मधली दुसरी मी.

जागेचं म्हणाल तर पहिल्या खेपेला उत्तराखंडातलं चोपता-तुंगनाथ घ्या. पंचकेदारांतला हा तिसरा केदार, ३,६८० मीटरवर. इतक्या उंचीवर शंकराचं दुसरं देऊळ नाही म्हणतात. चोपत्यापासून चढ साडेतीन-चार किलोमीटरचा, वाट दगडांनी बांधलेली. देवळाचं दार उघडलं की सत्तरीच्या आजीबाई काठी टेकत, नामस्मरण करत आरामात वर जातात. ही शेवटची माहिती कॉलनीत कुणाला देऊ नका. कॉलनीत 'ट्रेक' म्हणा, 'हिमालयात' म्हणा, आणि मीटरचे फूट करून सांगा. बारा हजार ऐकायला बरं वाटतं.

सरावासाठी आपलं रालामंडल आहे. वर होळकरांची शिकारगाह, चढ बेताचा, झाडी बरी. दर रविवारी पाठीवर वजन घेऊन महिनाभर चढलात तर पुढे त्रास होत नाही, म्हणून एकाच रविवारी जा, पायथ्याशी कचोरी खा आणि "हे काय, टेकाड आहे" असं म्हणून परत या. नवे बूट मात्र सरावाला घालू नका. दहा-पंधरा दिवस वापरून पायाला बसवलेल्या बुटांत काय मजा? ते खोक्यातच ठेवा आणि थेट पहाडावर उघडा. टाचेला फोड कुठे येतो, कधी येतो आणि कधी फुटतो, ह्याचं सगळं ज्ञान एका सकाळीत मिळतं.

आता सॅक. दुकानातला मुलगा सांगेल की कमरेचा पट्टा घट्ट आवळा, वजनाचा मोठा भाग कमरेवर यायला हवा, खांद्यांवर नाही. त्याचं ऐकू नका, तो वयाने लहान आहे. आमच्याकडे तो पट्टा सबंध प्रवासात दोन्ही बाजूंनी लोंबत होता, बैलाच्या झुलीसारखा.

वजनाचा हिशेब मात्र शास्त्रशुद्ध हवा. जाणकार म्हणतात, आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं पाठीवर घेऊ नये. आमचे हे पंच्याहत्तर किलो, मी पन्नास. म्हणजे त्यांनी पंधरा घ्यावेत, मी दहा. ह्यांनी काय केलं, तर दोघांच्या वजनाची बेरीज केली, तिचा पाचवा हिस्सा काढला, तो आला पंचवीस, आणि त्याचे सरळ दोन वाटे केले. साडेबारा-साडेबारा. स्त्री-पुरुष समानतेवर ह्यांचा पहिल्यापासून विश्वास आहे.

वाटे करतानाही एक कौशल्य आहे, तेही सांगून ठेवते. तंबू, गुंडाळलेल्या चटया आणि झोपायच्या पिशव्या नवऱ्याने घ्यायच्या. ह्या वस्तू डोक्याच्या वर दिसतात, फोटोत उठून दिसतात आणि मानाने हलक्या असतात. बायकोकडे 'बारीकसारीक' द्यायचं. बारीकसारीक म्हणजे तीन लिटर पाणी (लिटरला एक किलो, त्यात घासाघीस नाही), औषधं, चार्जर, टॉर्च आणि सासूबाईंनी दिलेलं खाणं. दिसायला मोठं ते ह्यांच्याकडे, तोलायला मोठं ते माझ्याकडे.

सासूबाईंच्या खाण्याबद्दल थोडं सविस्तर. "पहाडात काय मिळणार गं, नुसते दगड," असं म्हणत आईंनी वीस दशम्या, लसणीची चटणी, काचेच्या बरणीत लिंबाचं लोणचं आणि दोन किलो शेव काढली. त्यातली एक किलो लवंगेची. शिवाय जीरावन मसाल्याची डबी, कारण इंदूरचा माणूस स्वर्गात गेला तरी आधी तिथल्या जेवणावर जीरावन भुरभुरवणार. अशा वेळी नवऱ्याने "आई, एवढं कशाला?" असं एकदा, हळू आवाजात म्हणायचं. नंतर बायकोकडे वळून म्हणायचं, "राहू दे गं, तिला वाईट वाटेल. तुझ्या सॅकमध्ये जागा आहे ना?" असते. बायकांच्या सॅकमध्ये कायम असते.

कपड्यांत जीन्स आणि सुती बनियन ह्यांना पर्याय नाही. सूत घाम पितं आणि सोडत नाही, मग वारा लागला की अंगाला गार चिकटतं. म्हणून पहाडी लोक लोकर घालतात. पण त्यांना सवय आहे.

प्रवासाचं फार सांगत नाही. इंदूर-डेहराडून गाडीने हरिद्वार, तिथे कुशावर्त घाटावर उभं राहून "हा आपल्या अहिल्याबाईंनी बांधला" असं शेजारच्या तीन अनोळखी कुटुंबांना सांगणं, पुढे देवप्रयाग, रुद्रप्रयाग, आणि उखीमठ. उखीमठला ओंकारेश्वराचं देऊळ आहे. हिवाळ्यात केदारनाथाची पूजा इथेच होते. ओंकारेश्वर हे नाव वाचून ह्यांना गहिवरून आलं. घरापासून ऐंशी किलोमीटरवरच्या आपल्या ओंकारेश्वराला गेल्या सहा वर्षांत जाणं झालेलं नाही, ही आठवण मी करून दिली नाही. पदयात्रेत मनं दुखवू नयेत.

सारी गावात मुक्काम केलात तर गावातल्या घरात स्वच्छ खोली मिळते, रजया मिळतात, गरम पाणी मिळतं. म्हणून खोलीचे पैसे देऊन तंबू अंगणात लावा. आम्ही लावला. दोघांचा तंबू म्हणजे दोन माणसं कुशीवर, श्वास आळीपाळीने घेत, झोपू शकतील असा तंबू. त्यात एकजण घोरणारा असेल तर आतला गारवा कमी होतो, हा फायदा.

जेवण स्वतः रांधायचं, हा तर नियमच. ह्यांनी ऋषिकेशला घेतलेल्या चिमुकल्या शेगडीवर तुरीच्या डाळीची खिचडी टाकली, उघड्या पातेल्यात. उंचावर दर तीनशे मीटरला पाणी साधारण एक अंश लवकर उकळतं. म्हणजे उकळ्या फुटलेल्या दिसतात, पण पाणी तेवढं तापलेलं नसतं, आणि डाळ तुमच्याकडे टकामका बघत राहते. इकडे पावणेदोन तासांत गॅस संपला. घरच्या दीदी ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. त्यांनी काही न बोलता मंडुव्याच्या भाकऱ्या आणि पालेभाजी आणून ठेवली. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. ह्यांनी त्यावर जीरावन घातलं.

दुसऱ्या दिवशी देवरियातालला गेलो. तळ्यात चौखंबा शिखराचं प्रतिबिंब दिसतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. सकाळी लवकर पोचलं आणि वारा नसला तर दिसतं. आम्ही साडेअकराला पोचलो. ह्यांनी तळ्यात जे दिसलं त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, "चौखंबा, ७,१३८ मीटर." शेजारी चहा पिणारा पोरगा हळूच म्हणाला, "भाईसाहब, वो तो बादल है." फोटो अजून ग्रुपवर आहे, त्याला सत्तावीस अंगठे आलेत.

चोपत्याला रात्री ह्यांचं डोकं दुखायला लागलं. इथे नीट लक्ष द्या. उंचावरही हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो, पण हवेचा दाबच उतरतो. तुंगनाथला तो समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी. त्यामुळे दर श्वासाला प्राणवायू कमी मिळतो, डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. साधा नियम असा की डोकं दुखत असेल तोवर आणखी वर झोपायला जायचं नाही, आणि दुखणं वाढलं तर अंधार-उजेड न बघता खाली उतरायचं. पण हा नियम इतरांसाठी. मराठी पुरुषाला उंचीचा त्रास होत नाही, पित्त होतं. ह्यांनी आवळासुपारी चघळली, "काल भाकरीने झालं" असं निदान केलं आणि माझ्या सॅकमधलं लिटरभर पाणी संपवलं. सकाळपर्यंत डोकं थांबलं. श्रेय आवळासुपारीला मिळालं, पाण्याला नाही.

चोपत्यात लोक सामान खोलीवर टाकून एक बाटली हातात घेऊन तुंगनाथला निघतात. "ते पर्यटक," हे म्हणाले. आम्ही साडेबारा-साडेबारा किलो पाठीवर घेऊन निघालो, लोणच्याच्या बरणीसकट. खालच्या उतारांवर बुरांस लालभडक फुलला होता. मला थांबून बघायचा होता, पण ह्यांची 'लय' तुटत होती. पहिल्या किलोमीटरला लय होती. दुसऱ्याला टाच होती. तिसऱ्या किलोमीटरला हे एका कठड्यावर बसले, नवा बूट काढला, आणि मागून आलेल्या एका आजीबाईंनी त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवली.

पुढे ह्यांची सॅक खेचरावर बसून वर गेली. हे मोजे घालून तिच्या मागून गेले. माझी सॅकही लादू का, असं खेचरवाल्याने विचारलं, तेव्हा हेच म्हणाले, "नको नको, तिची हलकीच आहे."

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वाटेत खोकी, पुड्या, बाटल्या पडलेल्या होत्या. आपल्याच गावची चार पोरं "चल ना भिया" करत नूडल्सचे कागद दरीत भिरकावत होती. घरी हीच पोरं कचरा सहा डब्यांत वेगळा करून देतात. पहाडावर कचऱ्याची गाडी येत नाही, तिचं गाणं वाजत नाही, त्यामुळे पोरांना आठवण राहिली नसावी. आमच्या ह्यांनी मात्र आपला एकही कागद खाली टाकला नाही, शिवाय त्या पोरांचेही चार उचलले. सगळे माझ्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात ठेवले.

तुंगनाथाचं दर्शन झालं. वर चंद्रशिला आणखी दीड किलोमीटर. ह्यांची टाच पाहता प्रश्नच नव्हता. "तू जाऊन ये," हे म्हणाले, "मी सामान सांभाळतो." मी रिकाम्या पाठीने निघाले. खांदे इतके हलके झाले होते की पहिली दहा-बारा पावलं तोलच जात होता. वर ढग नव्हते. चौखंबा समोर, खराखुरा, आणि उजवीकडे लांब नंदादेवी. पाऊण तास बसले. फोटो काढायचं राहून गेलं, फोन ह्यांच्याकडे होता.

परत आल्यावर सांगण्याची पद्धतही शिकून घ्या. "आम्ही चंद्रशिला केलं" असं म्हणायचं. आम्ही. छप्पन दुकानवर, ऑफिसात, जावेच्या मुलीच्या साखरपुड्यात, तिन्ही ठिकाणी मी हे ऐकलं आहे, आणि दर वेळी शिखरावर वारा थोडा वाढलेला असतो. कुणी वजन विचारलं तर हे म्हणतात, "पंचवीस किलो होतं."

पुढल्या वर्षी हिमाचलातली हम्पता खिंड ठरते आहे. ४,२७० मीटर. आज सकाळी पोह्यांच्या वेळी जाहीर झालं. बूट खोक्यात परत गेलेत, शेवेतली अर्धा किलो सुखरूप घरी आली. तंबू धुऊन गच्चीवर टाकला होता, तो काढायला गेले तर त्याच्या खालच्या कापडावर आईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. "छान पातळ आहे गं, आणि खालून माती लागत नाही," त्या म्हणाल्या, "हे असलंच आणखी एक मिळेल का तिकडे?"