जुन्या इमारती, ‘हरित दंड’ आणि एका फिरत्या मजकुराची तपासणी

गेले काही आठवडे सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: जुन्या इमारतींवर ऊर्जेची आणि कार्बन उत्सर्जनाची मर्यादा घालणारा कायदा मुंबईत आलाच आहे, न्यूयॉर्कप्रमाणे इथेही टनामागे हजारो रुपये दंड बसेल, त्याचा भुर्दंड मेंटेनन्समधून सामान्य सभासदाला पडेल, वास्तविक नव्या इमारतींना नियम लावले की पुरे, कारण जुन्या इमारती पुनर्विकासात जाणारच आहेत, वीज सौर आणि पवनऊर्जेची झाली की प्रश्नच मिटतो, आणि काहीही झाले तरी आपल्या महापालिकेला हे राबवता येणार नाही. आमच्या सोसायटीच्या गटावर तो तीन वेळा येऊन गेला, आणि प्रत्येक वेळी त्याखाली संतापाचीच उत्तरे आली. यातले एक विधान बऱ्याच अंशी खरे आहे. त्याकडे शेवटी येऊ.

कायदा आला आहे, हे विधान चुकीचे आहे. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेला मुंबईचा वातावरण कृती आराखडा हा आराखडा आहे. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट त्यात आहे, पण त्याच्या आधारे कोणत्याही सोसायटीला नोटीस काढता येत नाही. केंद्राच्या ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि १०० किलोवॉट जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांची एकूण क्षमता) किंवा १२० केव्हीए करारमागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) असलेल्या निवासी इमारतीही इमारत संहितेच्या, म्हणजे इमारतींच्या ऊर्जावापराच्या नियमावलीच्या, कक्षेत आल्या, हे खरे. मात्र नियम अधिसूचित झाल्यानंतर उभ्या राहणाऱ्या बांधकामांसाठी ती संहिता आहे. १९८५ साली भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीला ती लागू होत नाही. न्यूयॉर्कचा दाखलाही अर्धाच दिला आहे. तिथला ‘लोकल लॉ ९७’ हा २०१९ चा कायदा साधारणपणे २५,००० चौरस फुटांवरच्या इमारतींना लागू होतो, आणि टनामागे २६८ डॉलरचा दंड संपूर्ण उत्सर्जनावर बसत नाही, तर ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर जेवढे टन जातील तेवढ्यांवरच बसतो. हा फरक वगळला की आकडा भीतिदायक दिसतो, यात नवल नाही.

नव्या इमारतींना नियम लावले की पुरे, हा मुद्दा ऐकायला सयुक्तिक वाटतो. परंतु आराखड्यासाठी केलेल्या मोजणीत २०१९ साली मुंबईचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन भरले आणि त्यातला सुमारे ७२ टक्के वाटा इमारती व उद्योगांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा निघाला. हा सगळा वाटा त्या वर्षी उभ्या असलेल्या इमारतींचा आणि उद्योगांचा आहे, उद्या बांधल्या जाणाऱ्यांचा नव्हे. शिवाय संहिता तपासते ती नकाशावरची इमारत: भिंतीतून किती उष्णता आत यावी, काच कोणती असावी, यंत्रणा किती कार्यक्षम असावी. पुढची वीस वर्षे ती इमारत प्रत्यक्षात कशी चालवली जाते, रात्री दहा वाजता रिकाम्या मजल्यावर वातानुकूलन चालू राहते की नाही, हे नकाशा सांगत नाही. ते वीजबिल सांगते, आणि अस्तित्वातील इमारतींसाठीचे मानक (उभ्या इमारतीच्या प्रत्यक्ष ऊर्जावापरावर किंवा उत्सर्जनावर घातलेली मर्यादा) पाहते ते बिलाकडेच.

इथे मजकूर लिहिणाऱ्याच्या मनातल्या चित्राविषयी बोलणे भाग आहे. ‘जुनी इमारत’ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे गिरगावातली चाळ किंवा दादरची तीन मजली इमारत येते. मात्र ऊर्जेच्या हिशेबात २००७ साली लोअर परळला गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला, चारही बाजूंनी काचेने मढवलेला आणि एकही खिडकी न उघडणारा मनोरासुद्धा जुनी इमारतच ठरतो. दर चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिट वीज, हा या क्षेत्रातला मूळ मोजमापाचा आकडा आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो २००९ पासून कार्यालयांना तारांकन देतो ते याच आकड्यावर. जाड भिंती, लांब गॅलरी, खिडक्यांवर छज्जे आणि खोलीत दोन पंखे असलेली चाळ तिथे त्या मनोऱ्याच्या कितीतरी खाली असते. तरीही या आकड्याची एक खोट मान्य केली पाहिजे. दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांच्या खोलीत सहा माणसे, एक फ्रिज आणि एक दूरचित्रवाणी संच असला की क्षेत्रफळाला भागून येणारा आकडा फुगतो, आणि चार माणसांसाठी अडीच हजार चौरस फूट वापरणारे घर कागदावर सोज्वळ दिसते. त्यामुळे लहान घरांच्या इमारती मानकाच्या बाहेर ठेवणे आणि प्रत्येक वापरासाठी वेगळी मर्यादा आखणे ही मुंबईपुरती तरी सवलत मानू नये; हिशेब बरोबर येण्याची ती अट आहे.

आता खर्च. एक साधे गणित करू. सात मजली इमारतीच्या जिन्यांत आणि पॅसेजमध्ये ४० जुन्या ट्यूबलाइट आहेत आणि चोकसकट प्रत्येकी ५० वॉट घेतात, असे धरा. त्यांच्या जागी १८ वॉटच्या एलईडी बसवल्या आणि त्या रोज बारा तास चालल्या, तर वर्षाला सुमारे ५,६०० युनिट वाचतात. युनिटला ९ रुपये धरले तरी हे ५० हजार रुपये होतात. एका नळीला ३०० रुपये धरले, तर एकूण खर्च १२ हजार. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे ढोबळमानाने ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे एवढ्याशा बदलात जवळपास चार टन उत्सर्जनही टळते. गच्चीला पांढरा परावर्तक रंग, जुन्या पंपाच्या जागी योग्य क्षमतेचा पंप, गळणाऱ्या वरच्या टाकीची दुरुस्ती (गळणारे प्रत्येक लिटर आधी वीज खर्चून वर चढवलेले असते) ही कामे त्याच जातीची आहेत. सोसायटीच्या दुरुस्ती निधीत ती बसतात, आणि सर्वसाधारण सभेत त्यांवर वाद झालाच तर तो पैशांवरून न होता कंत्राटदारावरून होतो.

मग यासाठी मानक कशाला, असे कोणी विचारले तर प्रश्न रास्त आहे. अनेक सोसायट्यांनी हे बदल कोणी न सांगता केलेही, कारण बिल भरणारे आणि निर्णय घेणारे तेच लोक असतात. मानकाची खरी गरज लागते ती जिथे हे दोघे वेगळे असतात तिथे. भाड्याने दिलेल्या कार्यालयीन इमारतीत चिलर, म्हणजे मध्यवर्ती वातानुकूलनाचे यंत्र, विकत घेतो मालक आणि त्याचे वीजबिल भरतो भाडेकरू. मालकाने महाग पण कार्यक्षम यंत्र घेतले तर बचत भाडेकरूच्या खिशात जाते. भाडेकरूचा करार तीन-पाच वर्षांचा, त्यामुळे दुसऱ्याच्या यंत्रात तो पैसे घालत नाही. दोघांचेही वागणे आपापल्या जागी शहाणपणाचे, आणि यंत्र मात्र पंचवीस वर्षे तेच. ही कोंडी जाहिरातीने किंवा आवाहनाने फुटत नाही, कारण माहितीचा अभाव हे तिचे कारणच नाही. मर्यादा पाळण्याची जबाबदारी मालकावर टाकली की तो खर्च आणि बचत भाडेकरारात कशी वाटायची, याची बोलणी सुरू होतात. टोकियोने २०१० पासून मोठ्या कार्यालयांवर आणि कारखान्यांवर अशी सक्तीची मर्यादा घातली. पहिल्या पाच वर्षांसाठी अपेक्षा होती ६ ते ८ टक्के कपातीची. त्या टप्प्याच्या अखेरीस कपात सुमारे २५ टक्क्यांवर गेली होती. २०११ च्या भूकंपानंतरच्या वीजटंचाईचा त्यात हात होता, हेही सांगायला हवे.

पागडीच्या (एकरकमी पागडी देऊन नाममात्र भाड्यावर राहणाऱ्या भाडेकरूंच्या) आणि उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींचे गणित याच्या उलटे आहे. भाडे इतके गोठलेले की मालकाला जिना दुरुस्त करणे परवडत नाही, तिथे त्याच्यावर ऊर्जेची मर्यादा लादणे हास्यास्पद ठरेल. न्यूयॉर्कनेही भाडे-नियंत्रित घरे मोठ्या प्रमाणावर असलेल्या इमारतींना उत्सर्जनाच्या आकड्याऐवजी ठरावीक साध्या दुरुस्त्यांची यादी पूर्ण करण्याचा पर्याय दिला. मजकुरात याचा उल्लेख नाही.

पुनर्विकासाच्या आशेवर सगळे सोडून देण्याचा सल्ला मला सर्वांत महागडा वाटतो. धोकादायक इमारत पाडलीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण पाडकाम आणि नवे बांधकाम यांचे स्वतःचे उत्सर्जन असते. सिमेंट बनवताना चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीला इंधन कोणतेही वापरा. त्यानंतर सात मजल्यांच्या जागी बावीस मजले येतात, त्यांना वेगवान लिफ्ट, दोन टप्प्यांत पाणी चढवणारे पंप आणि पोडियममधल्या पार्किंगसाठी चोवीस तास चालणारे पंखे लागतात. शिवाय विकासकाशी बोलणी सुरू झाल्यापासून पहिली वीट हलेपर्यंत दहा वर्षे जाणे मुंबईत अपवादाचे नाही, आणि वर मोजलेला एलईडीचा खर्च तीन महिन्यांत वसूल होतो. जुन्या वास्तूत मोठा बदल होऊच शकत नाही, असेही नाही. १९३१ च्या एम्पायर स्टेट इमारतीच्या नूतनीकरणात तिच्या ६,५१४ खिडक्या फेकून न देता त्याच इमारतीत काढून सुधारून परत बसवल्या गेल्या, आणि संपूर्ण योजनेचे लक्ष्य ऊर्जावापर ३८ टक्क्यांनी घटवण्याचे होते.

वीजच स्वच्छ करा, हा सल्ला योग्य आहे, पण तो दुसऱ्या कामाला पर्याय होत नाही. सौर वीज दुपारी भरपूर मिळते. घराघरांतले एसी चालू होतात ते रात्री. मुंबईला बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्यांनाही मर्यादा आहेत, आणि त्या कोलमडल्या की काय होते हे १२ ऑक्टोबर २०२० रोजी लोकल गाड्यांत अडकलेल्यांना विचारावे. मागणी जितकी कमी, तितकी ती वीज स्वच्छ करणेही सोपे आणि स्वस्त.

राहिला तो बऱ्याच अंशी खरा मुद्दा: महापालिकेला हे राबवता येईल का? तीस वर्षांवरील इमारतींचे संरचनात्मक परीक्षण महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे बंधनकारक आहे. अग्निसुरक्षेचा ‘फॉर्म बी’ दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून भरून द्यावा लागतो. चौकट आहे, सवयही आहे, पण कागद पूर्ण आणि नळाला पाणी नाही अशा अग्निशमन यंत्रणाही आपण पाहिल्या आहेत. तेव्हा उद्याच दंड सुरू करणे हा उपाय नव्हेच. ज्या शहरांत हे काम उभे राहिले तिथे आधी अनेक वर्षे फक्त मोजणी झाली. टोकियोत २००२ पासून अहवाल मागवले गेले, मर्यादा आली २०१० मध्ये. न्यूयॉर्कमध्ये वापर जाहीर करण्याचा कायदा २००९ चा, आणि मर्यादा लागू झाली २०२४ मध्ये. दरम्यान इमारत मालकांना मोफत तांत्रिक सल्ला देणारी यंत्रणा शहराने उभी केली. अमेरिकेतल्या सेंट लुईस या जेमतेम तीन लाख वस्तीच्या, म्हणजे अंधेरी पूर्वेकडच्या आपल्या के-पूर्व वॉर्डाहूनही लहान शहराने २०२० मध्ये असे मानक स्वीकारले तेव्हा अंमलबजावणीसाठी स्वतंत्र मंडळही नेमले.

मुंबईत पहिला अडथळा तांत्रिक नाही, कारकुनी आहे. शहर भागात वीज देणारा बेस्ट हा महापालिकेचाच उपक्रम. उपनगरांत मात्र अदानी, टाटा आणि मुलुंड-भांडुपकडे महावितरण. एका इमारतीत साठ मीटर, साठ ग्राहक क्रमांक, त्यांतले काही एका कंपनीचे तर काही दुसरीचे; आणि मालमत्ता कराचा खाते क्रमांक या सगळ्यांहून वेगळा. एका इमारतीने वर्षभरात किती वीज वापरली, हे सांगण्यासाठी आधी हे क्रमांक एकमेकांशी जुळवावे लागतील आणि घराघरांची बिले उघडी न पडता फक्त इमारतीची बेरीज बाहेर येईल अशी व्यवस्था करावी लागेल. सुरुवात महापालिकेने स्वतःची रुग्णालये, शाळा आणि वॉर्ड कार्यालये यांच्यापासून करावी. तिथे मालकही तीच, बिल भरणारीही तीच, आणि परवानगी मागायला दुसऱ्या कोणाकडे जावे लागत नाही.