मामींच्या गोळ्या बंद करायला निघालेला मेसेज

इंदूरच्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सुदामानगरच्या मामींना ल्यूपस आहे, त्यामुळे काळजीपोटी तो त्यांना तीन-चार जणांनी वेगळाही पाठवला. त्याचं म्हणणं असं: एका सुईने शरीरातच ‘सैनिक पेशी’ तयार होतात आणि ब्लड कॅन्सर, ल्यूपस मुळासकट जातात. कंपन्या हे दडवतायत. सुई भारतात मिळते, खालच्या नंबरवर पैसे भरून नाव नोंदवा. तोवर स्टेरॉइड बंद करून गुळवेलीचा काढा घ्या, तो हेच काम करतो. आणि जाता जाता, या सुईने डीएनए बदलतो नि मुलाबाळांत उतरतो! रामबाणही हीच आणि विषही हीच. लिहिणाऱ्याने आधी काय ते एक ठरवावं.

पहिल्यांदा काढ्याचं बघू, कारण मामींनी गुळवेल आणूनही ठेवलीय. अहो, ल्यूपसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती आपल्याच शरीरावर उलटलेली असते. रक्तातल्या बी पेशी या पांढऱ्या पेशींपासून चुकीची प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) तयार होतात आणि सांधे, त्वचा, मूत्रपिंडं यांना इजा होते. मेसेजमधली सुई, जी अजून प्रयोगातच आहे, ती टी पेशींना (लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) बी पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखायला लावते, मग टी पेशी त्या बी पेशींचा फडशा पाडतात. आणि काढा कशासाठी? तर ‘इम्युनिटी वाढवायला’. हे एकच काम कसं झालं? शिवाय मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवलेत, आणि ती इजा ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी, म्हणजे प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. नसेल केलं. पण तो वाद मामींच्या यकृतावर कशाला सोडवायचा?

स्टेरॉइडचं तर याहून गंभीर. बरेच महिने गोळी चालू असली की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवणं कमी करतं. गोळी एकदम तोडली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरच पायरीपायरीने उतरवतात.

‘दडवलंय’ म्हणे! चीनमधल्या डॉक्टरांनी ल्यूपसच्या ५ रुग्णांवरचा हाच प्रयोग २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला. चरबीच्या सूक्ष्म कणांत एमआरएनए (पेशीला तात्पुरती सूचना देणारा रेणू) भरून शिरेतून दिला आणि टी पेशी शरीरातच तशा बदलल्या. इतर औषधांना दाद न देणारे रुग्ण होते, त्यांचा आजार उतरला. उत्तम बातमी आहे, पण रुग्ण ५ आणि मागोवा काही महिन्यांचाच. ‘मुळासकट’ कुठून आलं? आणि त्याच वर्षी अ‍ॅबव्ही आणि अ‍ॅस्ट्राझेनेका या बड्या औषध कंपन्यांनी या कामातल्या छोट्या कंपन्या विकत घेतल्या, त्याच्या बातम्या जगभर छापून आल्या.

भारतात मिळते, हे अर्धं खरं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचारपद्धतीला (रुग्णाच्याच टी पेशी बदलून वापरण्याच्या) २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पण तीत रुग्णाच्या पेशी बाहेर काढून प्रयोगशाळेत बदलतात, ती काही ठरावीक रक्तकर्करोगांसाठी आहे आणि खर्च लाखांत जातो. मामींच्या आजारासाठी ती मंजूर नाही.

डीएनएबद्दल थोडं मान्य करावं लागेल. एमआरएनए डीएनएत शिरत नाही, काही दिवसांत विरघळतो. पण याच उपचाराची दुसरी पद्धत विषाणूचं वाहन वापरते, तिच्यात जनुक टी पेशीच्या डीएनएत जाऊन बसतं. ते भलत्या पेशीत गेलं तर काय, ही धास्ती शास्त्रज्ञांनाही आहे. बाहेर तयार केलेल्या कार-टी उपचारांवरही अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२४ मध्ये नव्या कर्करोगाच्या जोखमीचा ठळक इशारा छापायला लावला. पण बदल घडवायचा असतो तो टी पेशींत, आणि टी पेशी काही मुलांना वारशात जात नाहीत.

राहिला तो नंबर. भारतातल्या औषध चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येते. तिथे चाचणी सापडत नसेल, तर त्या नंबरवर एक रुपयाही पाठवू नका.